तार गेली, कटकट राहिली

लांब स्टँडवर ठेवलेला फ्लॅश पडला नाही की पहिली शिवी कॅमेऱ्यावरून त्याला बिनतारी इशारा देणाऱ्या ट्रिगरला बसते. खरं तर ट्रिगर या घराण्यातलं शेंडेफळ. त्याच्या बहुतेक खोडी वाडवडिलांकडून आलेल्या आहेत, आणि कुठली खोडी कोणाकडून आली हे ठाऊक असलं की शोधाशोध निम्मी होते.

घराण्याचा मूळपुरुष तापट होता. 1887 मध्ये जर्मनीत अडोल्फ मीथे आणि योहान्नेस गेडिके यांनी मॅग्नेशियम आणि पोटॅशियम क्लोरेटची झगझगीत पेटणारी भुकटी तयार केली. वेळ जुळवण्याचा प्रश्नच नव्हता. शटर उघडं ठेवायचं, भुकटी पेटवायची, शटर मिटायचं. भाजलेले हात हा तेव्हाचा मुख्य बिघाड.

1930च्या आसपास काचेचा फ्लॅशबल्ब बाजारात आला आणि वेळेचं लफडं सुरू झालं. मध्यम वेगाच्या बल्बला पूर्ण पेटायला सुमारे 20 मिलिसेकंद लागत, म्हणून शटर आधी बल्बला ठिणगी देई आणि मग उघडे. एमआयटीच्या हॅरॉल्ड एजर्टननी 1930च्या दशकात पुढे आणलेल्या इलेक्ट्रॉनिक फ्लॅशला असं थांबणं माहीतच नव्हतं. त्यामुळे जुन्या शटरांवर बल्बसाठी ‘एम’ आणि इलेक्ट्रॉनिक फ्लॅशसाठी ‘एक्स’ अशा दोन खुणा आल्या. आजही कोणी आजोबांच्या कॅमेऱ्याला नवा ट्रिगर लावतो, खटका ‘एम’वर राहतो, शटर उघडायच्या आत फ्लॅश पडून जातो आणि फिल्म कोरी निघते.

मग कॅमेरा आणि फ्लॅश जोडणारी तार. प्रॉन्टर आणि कॉम्पूर या जर्मन शटरांवरून नाव पडलेलं ते इवलंसं पीसी सॉकेट जगभर रूढ झालं. का, ते देव जाणे. पिन सैल पडते, वायर मानेपाशी आतल्या आत तुटते. पक्कडीने पिनेचं तोंड हलकेच चिमटायचं हा त्यावरचा पिढीजात उपाय. त्याच काळातल्या काही फ्लॅशच्या सिंक टोकांवर दोनशेहून अधिक व्होल्ट असत. यांत्रिक शटरला त्याचं काही वाटत नसे; आजचा ट्रिगर किंवा कॅमेरा मात्र जळू शकतो. अडगळीतला फ्लॅश चढवण्याआधी मल्टिमीटर लावणं म्हणूनच शहाणपणाचं.

तार नको म्हणून स्लेव्ह आला. त्याच्यातला फोटोसेल दुसऱ्या फ्लॅशचा उजेड पाहून आपला फ्लॅश पाडतो. भर उन्हात तो आंधळा, खांबाआड बहिरा. पण त्याची खरी फजिती फ्लॅशची ताकद आपोआप ठरवणाऱ्या टीटीएलने केली. टीटीएलमध्ये फोटोच्या आधी मोजमापासाठी एक बारीक चमक पडते. स्लेव्ह तिलाच भुलतो, सगळी ताकद तिथेच उधळतो आणि शटर उघडेपर्यंत रिकामा होतो. डोळ्याला दोन्ही फ्लॅश एकदमच पडलेले दिसतात, फोटोत मात्र एकाचाच उजेड! कॅमेऱ्यावरचा फ्लॅश मॅन्युअलवर न्यावा, किंवा स्लेव्हवर पहिली चमक सोडून देणारा ‘एस-टू’ पर्याय असेल तर तो लावावा.

रेडिओने हे सगळं मिटेल असं वाटलं होतं. अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या ‘पॉकेटविझार्ड’चे ट्रिगर व्यावसायिकांत मानाचे होते. 2009 मध्ये त्यांनी टीटीएल जाणणारे नवे ट्रिगर काढले, आणि कॅननच्या काही फ्लॅशबरोबर त्यांचा पल्ला एकदम घसरला. कारण मजेशीर निघालं: फ्लॅश स्वतःच रेडिओचा गोंगाट करत होता, आणि अमेरिकेत ट्रिगर ज्या 344 मेगाहर्ट्झच्या आसपास बोलत, तो गोंगाट नेमका तिथेच होता. युरोपातले ट्रिगर 433वर चालत, त्यांना त्रास कमी. अखेर कंपनीने फ्लॅशवर चढवायचा, लहरी अडवणाऱ्या कापडाचा एक मोजा काढला. महागड्या फ्लॅशला मोजा घालून काम करणारे फोटोग्राफर हे या कुळकथेतलं माझं आवडतं दृश्य.

2012 मध्ये कॅननने 600ईएक्स-आरटी या फ्लॅशच्या पोटातच 2.4 गिगाहर्ट्झचा रेडिओ बसवला. योंगनुओ, गोडॉक्स अशा चिनी कंपन्यांनी तोच पट्टा स्वस्त केला आणि ट्रिगर तालुक्याच्या स्टुडिओत पोचला. पण वाय-फाय आणि ब्लूटूथही याच पट्ट्यात नांदतात, शिवाय या लहरी पाण्यात जिरतात, आणि माणूस म्हणजे बरंचसं पाणीच. मंगल कार्यालयात मांडवाभोवती वऱ्हाडी दाटले की रिसीव्हर मुका होतो. स्टँड माणसांच्या डोक्यांवर न्यावा. दोन फोटोग्राफर एकाच चॅनलवर असले तर दुसऱ्याच्या क्लिकला आपला फ्लॅश पडतो आणि आपल्या वेळी तो चार्ज होत बसतो. चॅनलबरोबर आयडी बदलावा. काही ट्रिगर उलट फार जवळ चुकतात. गोडॉक्सच्या काहींत त्यासाठी 0 ते 30 मीटरचा वेगळा पर्याय आहे.

फोटोच्या कडेला काळा पट्टा आला तर ती बल्बाच्या काळातलीच वेळेची भानगड. रेडिओचा निरोप किंचित उशिरा पोचतो आणि तोवर शटरचा पडदा मिटू लागतो. 1/250 वरून 1/160 वर उतरलं की पट्टा सहसा जातो.

मिररलेसवाल्यांनी मात्र आणखी एक जागा पाहावी. सायलेंट शटर चालू असेल तर बहुतेक कॅमेरे फ्लॅशला इशाराच देत नाहीत. सेल बदलून होतात, कॅमेऱ्यावरच्या हॉट शूच्या पिना पुसून होतात, ट्रिगरला आणखी चार शिव्या घालून होतात, आणि दोष निघतो मेनूतल्या एका ओळीत.