अल्पायुषी पुरस्काराची दीर्घायुषी निवड

विज्ञानकथा आणि अद्भुतिका यांना साहित्याच्या पंक्तीत सहजासहजी स्थान मिळत नव्हते, त्या काळात ब्रिटनमधील चौघांनी ‘इंटरनॅशनल फँटसी अवॉर्ड’ हा पुरस्कार स्थापन केला. लेस्ली फ्लड, केन चॅपमन, फ्रँक कूपर आणि जॉन बेनन हॅरिस हे त्याचे संस्थापक. यांपैकी हॅरिस हे ‘जॉन विंडम’ या नावाने विख्यात झालेले कादंबरीकार होत. १९५१ मध्ये लंडन येथे भरलेल्या विज्ञानकथा संमेलनाच्या निमित्ताने हा पुरस्कार सुरू झाला. निवडीची जबाबदारी परीक्षक मंडळाकडे होती.

पहिला मान जॉर्ज स्टुअर्ट यांच्या ‘अर्थ अबाइड्स’ या कादंबरीला मिळाला. साथीच्या रोगाने मानवजात जवळजवळ नष्ट झाल्यानंतर उरलेल्या मोजक्या माणसांची ही कथा आहे. त्यानंतर जॉन कॉलियर (१९५२), क्लिफर्ड सिमॅक (१९५३), थिओडोर स्टर्जन (१९५४) आणि एडगर पँगबॉर्न (१९५५) हे मानकरी ठरले. पहिली तीन वर्षे ललितेतर ग्रंथांसाठी स्वतंत्र विभागही होता. विली ले आणि चित्रकार चेस्ली बोनेस्टेल यांच्या ‘द काँक्वेस्ट ऑफ स्पेस’ला १९५१ मध्ये, तर आर्थर सी. क्लार्क यांच्या ‘द एक्स्प्लोरेशन ऑफ स्पेस’ला १९५२ मध्ये त्यात गौरविण्यात आले.

दरम्यान १९५३ मध्ये अमेरिकेत ह्यूगो पुरस्कारांचा आरंभ झाला. तेथे निवड परीक्षकांची नव्हे, तर संमेलनाच्या सदस्यांच्या मतांची होती. वाचकांचा हा थेट सहभाग ह्यूगोच्या पथ्यावर पडला आणि १९५५ पासून तो दरवर्षी दिला जाऊ लागला. लंडनचा पुरस्कार मात्र १९५६ मध्ये दिलाच गेला नाही. १९५७ च्या सप्टेंबरमध्ये जे. आर. आर. टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ला तो प्रदान झाला आणि तेथेच त्याची परंपरा संपली. पुढच्याच महिन्यात स्पुटनिक अवकाशात झेपावला. कालपर्यंत कल्पनाविलास मानले गेलेले विषय वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आले.

टॉल्किन यांच्या या महाकादंबरीची जगभरची लोकप्रियता १९६० च्या दशकातील स्वस्त आवृत्त्यांनंतरची. परीक्षकांनी तिचे मोल त्याआधीच ओळखले होते. पुरस्काराचे वय अवघे सहा वर्षांचे. पण त्याने निवडलेल्या कादंबऱ्यांपैकी बहुतेक आजही वाचल्या जातात. त्याची खरी कमाई हीच म्हणावी लागेल.