शेव्हरूल आणि रंगविरोधाचा नियम : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना : चित्रकलेच्या अध्यापनात पूरक रंगांच्या संकल्पनेला मूलभूत स्थान आहे. तिच्या शास्त्रीय विवेचनाचा महत्त्वाचा टप्पा मात्र चित्रशाळेत नव्हे, तर पॅरिस येथील गोब्लँ या चित्रपट विणणाऱ्या राजकीय कारखान्यात गाठला गेला.

तक्रार व संशोधन : रसायनशास्त्रज्ञ मिशेल यूजेन शेव्हरूल (१७८६-१८८९) यांची १८२४ मध्ये तेथील रंगाई विभागाचे संचालक म्हणून नियुक्ती झाली. निळ्या व जांभळ्या वस्त्रांच्या छायांसाठी वापरलेली काळी लोकर फिकी दिसते, अशी तक्रार होती. अन्य कारखान्यांतील काळ्या लोकरीशी तुलना करता रंगाईत दोष आढळला नाही. दोष दृष्टीच्या व्यापारात होता. निळ्याच्या सान्निध्यात काळ्यावर नारिंगी छटेचा आभास होतो आणि त्याची गडदता कमी भासते.

नियम व प्रभाव : १८३९ मध्ये ग्रंथरूपाने मांडलेल्या या नियमानुसार शेजारच्या दोन रंगांपैकी प्रत्येकावर दुसऱ्याच्या पूरक रंगाची छटा चढते. म्हणूनच तांबडा व हिरवा परस्परांना उठाव देतात. जॉर्ज स्यूरा यांनी ‘ग्रांद जात’ बेटावरील रविवारच्या चित्रात (१८८४-८६) या विचाराचा आधार घेतला. शेव्हरूल यांच्या पूरक जोड्या तांबडा, पिवळा व निळा या मूलरंगांवर आधारित होत्या. प्रकाशाच्या मिश्रणाचे नियम निराळे असल्याचे हेल्महोल्ट्झ यांनी १८५२ मध्ये दाखविले.

निष्कर्ष : जोड्यांचा तपशील बदलला, तरी रंगाचे दर्शन शेजाराने ठरते हे तत्त्व टिकून राहिले. रंगकारास निर्दोष ठरविणाऱ्या चौकशीतून चित्रकारास नवी दृष्टी लाभली.