चिलटाचे प्रियाराधन

‘खाण तशी माती’ ही म्हण बेळगाव-निपाणीकडे मुलाच्या गुणांची वाखाणणी करताना जितक्या सहजतेने उच्चारली जाते, तितक्याच सहजतेने त्याच्या अवगुणांवर कायमचा शिक्का मारतानाही. स्वभाव रक्तातूनच उतरतो काय, हा प्रश्न पुरातन आहे. त्यावर थोडा प्रकाश पाडला तो पिकलेल्या केळ्यांभोवती घिरट्या घालणाऱ्या इवल्याशा चिलटाने. आंब्या-पेरूत अंडी घालून शेतकऱ्याचे नुकसान करणारी फळमाशी निराळी. हे चिलट शास्त्रज्ञांना ड्रॉसोफिला या नावाने परिचित आहे.

अमेरिकेतील आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी १९१५ साली या चिलटाच्या प्रियाराधनाचे वर्णन केले. नर मादीच्या मागे जातो, पुढच्या पायाने तिला हळूच स्पर्श करतो आणि एक पंख पसरून थरथरवितो. ती थरथर हेच त्याचे गाणे होय. नर पसंत नसला तर मादी लाथ झाडते वा दूर निघून जाते. आश्चर्य असे की, जन्मापासून एकाकी वाढविलेला नरही हा सारा विधी क्रमवार पार पाडतो.

मग त्याला हे शिकविले कोणी? या कोड्याचा धागा एका भारतीयाच्या हाती लागला. येल विद्यापीठात क्ष-किरणांचे प्रयोग करीत असता कुलबीर सिंग गिल यांना काही विलक्षण नर आढळले. ते नरांचेही प्रियाराधन करीत आणि त्यांना संतती होत नसे. १९६३ साली गिल यांनी ही गोष्ट एका छोट्याशा टिपणात नोंदवून ठेवली.

पुढे कॅलिफोर्नियात सीमूर बेंझर यांनी वागणुकीचा संबंध एकेका जनुकाशी जोडण्याचा उद्योग आरंभिला. त्यांच्याबरोबर काम केलेले ओबेद सिद्दिकी यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत हीच वाट रुळविली. तेथे मूळच्या गोमंतकीय कुटुंबातील, केनियात जन्मलेल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी सिद्दिकींसह गंध ओळखण्यात चुकणाऱ्या चिलटांचा अभ्यास केला. प्रियाराधनात गंधाचा वाटा मोठा असल्याने या कामाचे मोल विशेष.

बेंझर यांच्याच प्रयोगशाळेत तयार झालेले जेफ्री हॉल यांनी गिल यांच्या चिलटांचा पुन्हा कसून अभ्यास केला. त्या जनुकाला ‘फ्रूटलेस’, म्हणजे निष्फळ, हे नाव रूढ झाले आणि १९९६ साली त्याची घडण उलगडली. नर व मादी या दोघांतही हे जनुक असते. परंतु त्याचा संदेश दोघांत निरनिराळ्या रीतीने जुळविला जातो. नराच्या रीतीचा संदेश मज्जासंस्थेतील सुमारे २ टक्के पेशींत कार्य करतो. २००५ साली व्हिएन्नातील एब्रू डेमिर आणि बॅरी डिक्सन यांनी मादीच्या ठायी नराचा संदेश योजला, तो काय नवल! ती मादी इतर माद्यांचे प्रियाराधन करू लागली.

एवढ्यावरून जनुक म्हणजे ब्रह्मलिखित असे कोणी मानील, तर त्याने २०१४ सालचा एक प्रयोग ध्यानी घ्यावा. या जनुकाचा नरसंदेश ज्यांच्यात नव्हता, असे नर एकाकी ठेवले असता मादीकडे ढुंकूनही पाहात नसत. त्यांनाच काही दिवस इतर चिलटांच्या संगतीत ठेवले, तेव्हा ते प्रियाराधन करू लागले. मात्र त्यासाठीही ‘डबलसेक्स’ नावाचे दुसरे जनुक लागतेच. म्हणजे बीज आणि संगत ही एकमेकांची वैरी नव्हेत. संगतीलाही रुजण्यासाठी बीजाचाच आधार लागतो.

चिलटावरून माणसाची पारख करणे शहाणपणाचे नाही. माणसाचा मेंदू कितीतरी गुंतागुंतीचा, आणि त्याचे बालपण दीर्घ असते. पण काही दिवसांच्या सहवासाने चिलटाचीही वागणूक पालटते, तर दहा वर्षांच्या मुलाला ‘तुझ्या रक्तातच नाही’ असे ऐकविण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी क्षणभर थांबावे, हे उचित.