रॅम कमी की जोड्या जास्त?

रूल इंजिन, म्हणजे ‘या अटी जुळल्या तर हे करा’ असे नियम चालवणारे सॉफ्टवेअर, म्हटले की मेमरी खाणारच. नियम वाढले की आणखी खाणार. तेव्हा रॅम वाढवा, नाहीतर नियम छाटा. आमच्या धंद्यात हे मत इतके मुरले आहे की त्याला कोणी पुरावाच मागत नाही. मी मागणार आहे. निवाडा वाचकाने करावा.

आधी प्रतिपक्षाची बाजू, आणि ती पूर्ण बळाने. बहुतेक प्रसिद्ध रूल इंजिनांचे मूळ ‘रेटे’ या पद्धतीत आहे. ती चार्ल्स फोर्गी यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात १९७०च्या दशकात घडवली आणि १९८२ साली सविस्तर मांडली. रेटे म्हणजे लॅटिनमध्ये जाळे. माहितीचा एक तुकडा बदलला की सगळे नियम पहिल्यापासून तपासायचे नाहीत. कुठे काय अर्धवट जुळले होते ते हे जाळे लक्षात ठेवते आणि बदल तेवढाच पुढे सरकवते. मेमरी देऊन वेग घेतलेला आहे, हा उघड सौदा आहे. शिवाय रॅम स्वस्त आणि प्रोग्रामरचा वेळ महाग. युक्तिवाद पोकळ नाही. पण सौदा ठरला म्हणून भाव न विचारता पैसे मोजायचे का?

नियमांवरचा आरोप पाहू. नियमातली प्रत्येक अट ही जाळ्यातली एक गाठ. दोन नियमांची सुरुवात सारख्याच अटींनी होत असेल तर गाठही सामाईक असते. नियम दुप्पट झाले तरी गाठी फार तर दुप्पट होतील, आणि गाठ ही लहान वस्तू आहे. मग गिगाबाइट जातात कुठे?

उदाहरण घरचेच घेऊ. २०२४ साली राज्यात मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना आली. तिच्यासाठी शासन कोणते सॉफ्टवेअर वापरते हा इथला प्रश्न नाही, अटी पाहा. वय २१ ते ६५, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत, घरात आयकरदाता नको, ट्रॅक्टर सोडून चारचाकी नको. या अटी एकेका अर्जाकडे पाहून निकालात निघतात. पण आणखी एक अट होती: कुटुंबातली एकच अविवाहित स्त्री पात्र. ही तपासायची तर अर्जाला अर्ज भिडवावा लागतो. मेमरीच्या खर्चाचे मूळ इथे आहे.

समजा एकूण १०,००० अर्ज आहेत. लिहिणाऱ्याने नियम असा लिहिला: एक अर्ज घ्या, दुसरा अर्ज घ्या, आणि शेवटी दोघी अविवाहित आहेत का, शिधापत्रिका एकच आहे का ते तपासा. जाळ्याने या आज्ञेप्रमाणे आधी सगळ्या जोड्या लावल्या तर त्या होतात १० कोटी. जोडीमागे ४० बाइट धरले तरी ४ गिगाबाइट खर्ची पडले. आता ‘अविवाहित’ ही अट जोडी लावण्याआधी आणा. अशा अर्जदार १,००० निघाल्या तर जोड्या १० लाख, म्हणजे ४० मेगाबाइट. शिधापत्रिकेचा क्रमांक जोडणीच्याच अटीत घातला तर उरतात फक्त एका घरातल्या बहिणींच्या जोड्या. नियम तोच, निकालही तोच. रॅमची एक पट्टीही बदलली नाही.

गुरांच्या आठवडी बाजारातला हेडी, म्हणजे दलाल, आधी गाळून मग जोडी लावणे कुठल्या वर्गात शिकलेला नसतो. गिऱ्हाईक आले की तो त्याला दावणीतल्या प्रत्येक जनावरापुढे उभे करत नाही. बैल की गाय, दोनदाती की जुळलेला, खिशात किती, हे आधी विचारतो. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरतो तो मोजक्या दोन-तीन जनावरांचा. हजारो रुपयांच्या सौद्यात पाळली जाते ती शिस्त कोट्यवधींच्या प्रणालीत चैन कशी ठरते?

राहिला रॅमचा मुद्दा. ड्रूल्ससारखी इंजिने जावावर चालतात. हॉटस्पॉट या जावाच्या यंत्रणेत हीप, म्हणजे प्रोग्रामच्या वस्तू ठेवायची मेमरी, साधारण ३२ गिगाबाइटच्या आत असेल तर एका वस्तूकडून दुसरीकडे जाणारा पत्ता ४ बाइटांत मावतो; ती मर्यादा ओलांडली की ८ बाइट लागतात. जोड्यांचे जाळे म्हणजे मुख्यतः पत्तेच. परिणामी ३१ गिगाबाइटांचे ३६ केले तर पूर्वीपेक्षा कमी माल मावण्याचीही शक्यता असते. वर नको असलेल्या वस्तू उचलणाऱ्या गार्बेज कलेक्टरला झाडायला अंगण मोठे. स्वस्त कशाला म्हणायचे?

आणि फॅक्ट, म्हणजे इंजिनला पुरवलेला माहितीचा तुकडा? नियमांना चार रकाने हवे असतात, आत टाकला जातो फोटो आणि स्कॅन केलेल्या हमीपत्रासकट आख्खा अर्ज. निकाल लागल्यावर तो मागे घेतला जात नाही, सेशन बंद केले जात नाही. इंजिनने हात धरून ठेवलेली वस्तू कलेक्टर उचलू शकत नाही. याला इंजिनची भूक म्हणायचे, की आपली उष्टी ताटे?

मेमरी खाणे हा रूल इंजिनचा स्वभावच असता तर तो सुटलाही नसता. डॅनियल मिरँकर यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या ‘ट्रीट’ पद्धतीत अर्धवट जोड्या साठवणेच टाकून दिले. ड्रूल्सच्या सहाव्या आवृत्तीतील ‘फ्रीक’ ही पद्धत नियमाची गरज पडेपर्यंत जोडणी लांबवते. दोन्हींना आपापली किंमत आहे, हे मान्य. सगळे करूनही कधी माहितीच अफाट असते आणि रॅम घ्यावीच लागते, हेही मान्य.

माझे मागणे एवढेच आहे. पुढच्या वेळी रॅमच्या खरेदीचा कागद सहीला आला की आधी हीप डंप, म्हणजे हीपमध्ये त्या क्षणी काय आहे त्याची नोंद, काढायला सांगा. त्यात गाठी किती, जोड्या किती आणि निकाल लागूनही पडून राहिलेले अर्ज किती, हे मोजा. सही त्यानंतर करा.