बंदिस्त सर्पगृहातील आर्द्रता : एका उपेक्षित प्रश्नाचा इतिहास

बंदिस्त सर्पांच्या जोपासनेचा इतिहास बहुधा उष्णतेचा इतिहास म्हणून सांगितला जातो. सर्पाचे उष्णतामान मुख्यतः परिसरावर अवलंबून असल्यामुळे थंड देशांतील प्राणिसंग्रहालयांपुढे त्याला ऊब देण्याचा प्रश्न प्रथम उभा राहिला, हे स्वाभाविकच होय. परंतु उबेसाठी योजिलेले उपाय सर्पाभोवतीची हवा कोरडी करतात, या गोष्टीचे महत्त्व पुष्कळ उशिरा कळून आले.

या संदर्भात पॅरिसमधील एक उदाहरण उद्‌बोधक आहे. तेथील निसर्गेतिहास संग्रहालयाच्या प्राणिशाळेत इ. स. १८४१ मध्ये एक आशियाई अजगर मादी आपल्या अंड्यांभोवती वेटोळे घालून बसली. व्हॅलेन्सिएन या प्राणिशास्त्रज्ञाने तिचे उष्णतामान मोजून ते परिसराहून अधिक असल्याचे दाखविले. उबवणीच्या काळात या मादीने अन्न नाकारले, पाणी मात्र अनेकदा प्यायली. विद्वानांत चर्चा झाली ती उष्णतेची. पाण्याची केवळ नोंद राहिली. सोस्यूरने केसाच्या आर्द्रतामापकाचे वर्णन १७८३ मध्येच प्रसिद्ध केले होते. तेव्हा साधनाचा अभाव हे या उपेक्षेचे कारण म्हणता येत नाही.

पुढे लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ मध्ये स्वतंत्र सरीसृपगृह उघडले, आणि १९२७ मध्ये जोन प्रॉक्टर यांच्या योजनेनुसार नवे गृह उभे राहिले. एकाच पिंजऱ्यात कमीअधिक उबेच्या जागा निर्माण करणारी विद्युत्-उष्णतेची योजना हे त्याचे वैशिष्ट्य होय. तथापि उष्णता आणि आर्द्रता यांचा संबंध अटळ आहे. १५ अंश सेंटिग्रेडची बाष्पसंपृक्त हवा, तिच्यात नवे बाष्प न मिसळता, ३० अंशांपर्यंत तापविल्यास तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे ४० टक्क्यांवर येते.

या उपेक्षेच्या मुळाशी एक समज होता. सरीसृपांची खवलेदार त्वचा पाण्याला जवळजवळ अभेद्य आहे, असे मानले जाई. बेंटली व श्मिट-नील्सन यांनी १९६६ मध्ये या समजास धक्का दिला. त्यांनी अभ्यासिलेल्या सरीसृपांत बाष्पीभवनाने होणाऱ्या घटीचा मोठा भाग श्वासावाटे नव्हे, तर त्वचेवाटे होत होता. १९७२ मध्ये लिक्ट व बेनेट यांनी जन्मतः खवले नसलेल्या एका सर्पाची परीक्षा केली. त्याच्या शरीरातील पाण्याची घट खवले असलेल्या सर्पाहून लक्षणीयरीत्या अधिक आढळली नाही. अखेर १९८० मध्ये रॉबर्ट्स व लिलीव्हाइट यांनी पाणी अडविण्याचे कार्य मुख्यतः बाह्यत्वचेतील स्निग्ध द्रव्ये करतात, असे दाखविले. खवल्यांस दिलेले श्रेय अशा रीतीने निराधार ठरले.

या संशोधनाचा जोपासनेशी निकटचा संबंध आहे. हवा फार कोरडी असल्यास कात अखंड न निघता तुकड्यातुकड्यांनी सुटते आणि डोळ्यांवरील पारदर्शक आवरण चिकटून राहते. उलटपक्षी, सतत ओल्या तळावर ठेवलेल्या सर्पाच्या त्वचेवर फोड येतात. म्हणून केवळ पाणी शिंपडणे हा उपाय नव्हे. आफ्रिकेतील बॉल अजगर उंदरांसारख्या प्राण्यांच्या बिळांचा आश्रय घेतो; बाहेरची हवा कोरडी असली, तरी बिळात ओलावा टिकतो. पिंजऱ्याच्या एका कोपऱ्यात ओलसर शेवाळाची पेटी ठेवण्याची आजची पद्धत याच तत्त्वाला धरून आहे. प्रॉक्टर यांनी उष्णतेच्या बाबतीत सर्पाला जी निवड उपलब्ध करून दिली, तीच आर्द्रतेच्या बाबतीतही आवश्यक आहे, हा या इतिहासाचा निष्कर्ष होय.