एक बल्ब, एक पंखा आणि ३६० युनिट

वैजापूरला आजीकडे गेलो की एक दृश्य ठरलेलं. उठता-उठता तिचा हात आपोआप पंख्याच्या बटणाकडे जातो. अगदी मे महिन्यातसुद्धा! परवा म्हटलं, बघू तरी या काटकसरीमागचा हिशेब.

केंद्र सरकारने १९८८-८९ मध्ये 'कुटीर ज्योती' योजना आणली. दारिद्र्यरेषेखालच्या घराला एका दिव्यापुरती वीजजोडणी. तेव्हा तेवढंही खूप होतं. पुढे महावितरणच्या दरपत्रकात अशा घरांसाठी वेगळा स्वस्त दर आला, पण अट अशी की वर्षाचा वापर ३६० युनिटांच्या आत हवा. म्हणजे महिन्याला सरासरी ३०. त्यापुढे गेलात की नेहमीचा घरगुती दर.

आता गंमत बघा. साठ वॅटचा बल्ब रोज पाच तास, महिन्याचे ९ युनिट. पंचाहत्तर वॅटचा पंखा रोज दहा तास, साडेबावीस. बेरीज साडेएकतीस. वर्षभर असंच चाललं की सवलत गेली! २०१५ च्या 'उजाला' योजनेत स्वस्त एलईडी मिळाले. नऊ वॅटचा दिवा महिन्याला दीड युनिटही खात नाही, तेव्हा कुठे पंखा हिशेबात बसला.

निवृत्त माणूस मात्र दिवसभर घरीच. सोळा तास पंखा म्हणजे एकट्या पंख्याचे ३६ युनिट. आणि दारिद्र्यरेषेच्या जरा वर असलेल्या पेन्शनरला तर हा दरच लागू नाही. त्याला इतरांसारखाच शंभर युनिटांपर्यंतचा पहिला टप्पा. दरपत्रक युनिट बघतं, वय नाही.

तीस युनिटांत उजेड भागतो हो, पण उकाडा? आपल्या भाषेत सांगायचं तर आकडा हार्डकोड झालाय. बदलायला नको?