राजस्थान : शौर्याची आणि विद्येची भूमी

राजस्थान म्हटले की वाळूच्या टेकड्या, उंटांचे काफिले आणि बलाढ्य किल्ले डोळ्यांसमोर उभे राहतात. हे चित्र खरे आहे, पण अपुरे आहे.

अरवली पर्वताच्या पश्चिमेस थरचे वाळवंट पसरलेले आहे, तर पूर्वेकडील प्रदेश बराच सुपीक आहे. इंग्रजी अमलात या भागास राजपुताना म्हणत. जयपूर, जोधपूर, बिकानेर, जैसलमेर ही मोठी संस्थाने ३० मार्च १९४९ रोजी एकत्र आली. १९५६ साली अजमेरही राजस्थानात सामील झाले.

मेवाडच्या चितोडगडावर राणा कुंभाचा नऊ मजली विजयस्तंभ आजही उभा आहे. १५७६ साली झालेली हळदीघाटची लढाई आपण शाळेत शिकतो. पण त्या लढाईत राणा प्रतापांच्या आघाडीवर हकीमखान सूर हा पठाण सरदार होता आणि अकबराच्या फौजेचे नेतृत्व अंबरचे राजा मानसिंग करीत होते, हे किती जणांना ठाऊक असते? लढाई राज्यासाठी होती. तिला दोन धर्मांचे युद्ध म्हणणे म्हणजे या दोन्ही वीरांवर अन्याय करणे होय.

अजमेर येथे हजरत ख्वाजा मोईनुद्दीन चिश्ती (र. अ.) यांचा दर्गा आहे. पुत्रप्राप्तीचा नवस फेडण्यासाठी १५७० साली अकबर बादशहा आग्र्याहून येथे पायी आला. आजही सर्व धर्मांचे भाविक या दर्ग्यात येतात.

आता जयपूर पाहू. १७२७ साली सवाई जयसिंगांनी हे शहर वसविले. हवामहल सर्वजण पाहतात; विद्यार्थ्यांनी जंतरमंतरही अवश्य पाहावे. तेथील सम्राटयंत्र हे सुमारे २७ मीटर उंचीचे सूर्यघड्याळ असून त्यावर दोन सेकंदांपर्यंत अचूक वेळ समजते. समरकंदच्या उलूगबेगाचे खगोलशास्त्र जयसिंगांनी अभ्यासले. त्यांच्या दरबारातील पंडित जगन्नाथ अरबी शिकले आणि युक्लिडची भूमिती त्यांनी अरबीतून संस्कृतात आणली. जयसिंगांनी आपली ग्रहकोष्टके फारसीत लिहवून मुहम्मदशहा बादशहाच्या नावे अर्पण केली.

विद्यार्थी मित्रांनो, ज्ञान कोणत्या भाषेत आहे, ते कोणाचे आहे, हे त्या विद्वानांनी विचारले नाही. जेथे मिळाले तेथून ते घेतले. राजस्थानची सहल काढाल तेव्हा किल्ल्यांची छायाचित्रे जरूर घ्या, पण ही शिकवणही बरोबर घेऊन या.